कॅप्टन ग्रुनिंगर यांची फाइल

पोलीस खात्यात कागदावर मागची तारीख टाकणं फार वाईट समजलं जातं. ठाणे अंमलदाराच्या हातून डायरीत खाडाखोड झाली, तर शेजारी सही करून तो ती कबूल करू शकतो. पण आज आलेला माणूस गेल्या महिन्यात आला होता, असं जाणूनबुजून लिहिलं तर तो गुन्हा आहे. आमच्या वेळच्या भारतीय दंड संहितेत त्यासाठी कलम २१८ होतं. कुणाला तरी शिक्षेतून वाचवण्याच्या हेतूनं लोकसेवकानं खोटी नोंद केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. मी फौजदार म्हणून भरती झालो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. शेवटच्या वर्षांत माझ्याकडे खात्यातल्याच लोकांच्या प्राथमिक चौकशा असायच्या. नोंदवहीशी खेळणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात कधी दया आली नाही, कारण त्या एका नोंदीवर कुणाचा तरी जामीन, कुणाची तरी शिक्षा अवलंबून असते.

म्हणून स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालन इथल्या पोलीस कॅप्टन पॉल ग्रुनिंगर यांची हकिगत वाचताना मी ती चौकशी अधिकाऱ्याच्या नजरेनंच वाचली. आरोप स्पष्ट होता, कागदोपत्री पुरावा होता, आरोपीनं तो नाकारलाही नव्हता. माझ्यासमोर हे प्रकरण आलं असतं तर मी काय अहवाल दिला असता, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

ग्रुनिंगर यांचा जन्म १८९१ चा, सेंट गालनचाच. शिक्षण शिक्षकी पेशाचं. फुटबॉलचा मोठा नाद. गावातल्या ब्र्यूल क्लबनं १९१५ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात ते होते. पहिल्या महायुद्धानंतर ते पोलिसांत आले आणि काही वर्षांतच आपल्या कॅन्टनच्या, म्हणजे प्रांताच्या, पोलीस दलाचे प्रमुख झाले. चाळिशी ओलांडलेला, चष्मा लावणारा, संसारी अधिकारी. बंडखोरीचा इतिहास नाही, कुठल्या चळवळीत नाव नाही. सेवापुस्तिका कोरी म्हणावी इतकी स्वच्छ.

मग १९३८ चा मार्च उजाडला. हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नात ज्यूंना भररस्त्यात गुडघ्यांवर बसवून फरशा घासायला लावण्याचे प्रकार सुरू झाले. दुकानं लुटली गेली, नोकऱ्या गेल्या, माणसं उचलून डाखाऊच्या छावणीत धाडली गेली. ज्यांना पळता येत होतं ते पळाले. पण जायचं कुठे? त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर जमले. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, पण दारं उघडायला जवळजवळ कुणीच तयार झालं नाही. ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला फोरार्लबेर्ग, त्याच्यापलीकडे ऱ्हाईन नदी आणि नदीपलीकडे ग्रुनिंगर यांचा सेंट गालन.

इथला भूगोल नीट समजून घ्यायला हवा, कारण माणसं वाचली ती त्याच्या आधारानं. ऱ्हाईन या भागात वळणं घेत वाहायची आणि पुरानं गावं बुडवायची. म्हणून दोन्ही देशांनी मिळून तिचा प्रवाह सरळ करायला घेतला. डीपोल्ड्साउ या स्विस गावाजवळचा नवा कालवा १९२३ मध्ये पुरा झाला. पाणी नव्या सरळ पात्रातून वाहू लागलं, पण देशांची हद्द मात्र जुन्या वळणदार पात्रावरच राहिली. त्यामुळे डीपोल्ड्साउ हे स्विस गाव मोठ्या नदीच्या ऑस्ट्रियाकडच्या बाजूला आलं. या एका ठिकाणी हद्द ओलांडायला खोल, वेगवान ऱ्हाईन पार करावी लागत नव्हती. जुन्या पात्रातलं संथ, उथळ पाणी होतं, बोरूंची बेटं होती, चिखल होता. पलीकडच्या होहेनएम्स गावातून रात्रीच्या अंधारात एखादी बाई मुलाला कडेवर घेऊनही ते ओलांडू शकत होती.

मुलगी झुरिकला असते, तिच्याकडे गेलो असताना ही जागा मी पाहून आलो. उन्हाळा होता. जुन्या ऱ्हाईनच्या काठी लोक पोहायला आले होते, पोरं पाण्यात खेळत होती. पाणी कुठे कमरेइतकं, कुठे त्याहून कमी दिसत होतं. पोलीस असल्यामुळे असेल, पण मी आधी अंतर मोजलं, आडोसा कुठे मिळेल ते पाहिलं, गस्तीचा शिपाई कुठे उभा राहत असेल याचा अंदाज घेतला. एवढ्या लांबीची हद्द एका छोट्या दलानं रात्रभर राखणं शक्य नव्हतं, हे कुठल्याही हवालदारानं सांगितलं असतं. आलेल्याला पकडता आलं असतं. पण पकडल्यावर त्याचं काय करायचं?

बर्नमधल्या केंद्र सरकारकडे याचं उत्तर होतं. १९३८ च्या ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात हुकूम निघाला: व्हिसा नसलेल्या कुणालाही आत घ्यायचं नाही, आलेल्याला परत धाडायचं. परदेशी नागरिकांच्या पोलीस विभागाचे प्रमुख हाइनरिश रोथमुंड या धोरणाचे कर्तेधर्ते होते. हुकमाच्या आदल्या दिवसांत कॅन्टनच्या पोलीस अधिकाऱ्यांची बैठक झाली. तिथे ग्रुनिंगर यांनी माणुसकीच्या दृष्टीनं या लोकांना परत पाठवणं शक्यच नाही, पुष्कळांना आत घ्यावंच लागेल, अशी भूमिका मांडली. ती मानली गेली नाही. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात स्विस आणि जर्मन अधिकाऱ्यांच्या वाटाघाटींतून जर्मनीतल्या ज्यूंच्या पासपोर्टवर मोठं ‘जे’ अक्षर छापायचं ठरलं. हद्दीवरच्या शिपायाला पासपोर्ट उघडताक्षणी कळावं की याला परत फिरवायचं आहे, यासाठी ही सोय.

आता तारखेकडे येतो. हुकूम निघाला त्याच्या आधी जे आत आले होते, त्यांना तूर्त राहू द्यायचं होतं. परत धाडायचं ते नंतर आलेल्यांना. म्हणजे जीव आणि मरण यांच्यामध्ये फॉर्मवरचा एक रकाना होता, ‘आगमनाची तारीख’. ग्रुनिंगर यांनी त्या रकान्यात मागची तारीख पडू दिली. सप्टेंबरात, ऑक्टोबरात, नोव्हेंबरात चिखलानं भरलेल्या कपड्यांनिशी आलेली माणसं कागदावर जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला आलेली दिसू लागली. बर्नला जाणाऱ्या आकडेवारीतही नंतरच्या आगमनांचा आकडा कमी राहिला.

हे एकदा करून संपणारं काम नव्हतं. प्रत्येक माणूस नव्यानं समोर येणार, प्रत्येकाचा नवा फॉर्म, प्रत्येक फॉर्म म्हणजे स्वतःविरुद्ध एक नवा पुरावा. रागाच्या भरात एखाद्या क्षणी हुकूम मोडणारी माणसं मी पाहिली आहेत. महिनोन्महिने, रोज सकाळी खुर्चीत बसून, थंड डोक्यानं स्वतःच्या नोकरीवर निखारा ठेवणारा अधिकारी मी पाहिलेला नाही. त्या काळात एका निर्वासित मुलाला त्यांनी स्वतःच्या खिशातून हिवाळी बूट घेऊन दिले, अशीही नोंद आहे. मला हे बूट फार महत्त्वाचे वाटतात. ज्या अधिकाऱ्याचं लक्ष पोराच्या पायांकडे जातं, त्याच्यासाठी समोर उभा असलेला माणूस कधीच ‘केस’ होत नाही.

ते एकटे नव्हते, हेही सांगायला हवं. एकट्या वीराची गोष्ट सांगायला सोपी असते, पण खरी नसते. सेंट गालनमधल्या ज्यू समाजाच्या मदत समितीचे प्रमुख सिडनी ड्रायफुस आलेल्यांच्या अन्नपाण्याची आणि कागदपत्रांची व्यवस्था बघत. त्यांची कन्या रूथ पुढे १९९९ मध्ये स्वित्झर्लंडची पहिली महिला राष्ट्राध्यक्ष झाली. रेखा श्टेर्नबुख नावाची धर्मनिष्ठ ज्यू गृहिणी हद्दीवरून माणसं आत आणण्याचं काम करत होती आणि त्यापायी तिला अटकही झाली. डीपोल्ड्साउमध्ये भरतकामाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात निर्वासितांची छावणी उभी राहिली. सेंट गालनची जाळी आणि भरतकाम एके काळी जगभर जायचं, मंदीनं तो धंदा बसला आणि रिकाम्या इमारती उरल्या होत्या. शिवाय हद्दीवर डोळेझाक करणारे शिपाई होते, वाट दाखवणारे गावकरी होते.

१९३९ च्या सुरुवातीला बर्नला संशय आला. कागद तपासले गेले, फॉर्म पडताळले गेले. वसंतात ग्रुनिंगर यांना निलंबित केलं आणि लगेच बडतर्फ केलं. पेन्शनचा हक्क गेला. कर्तव्यात कसूर आणि बनावट नोंदी या आरोपांवर खटला उभा राहिला, तो महायुद्ध सुरू झाल्यावरही चालू होता. ते दोषी ठरले. दंड ३०० फ्रँक, वर खटल्याचा खर्च.

दंडापेक्षा मोठी शिक्षा वेगळीच होती. त्यांच्याबद्दल कुजबुज सुरू झाली. पैसे घेतले असतील, बायकांची भानगड असेल. यांतलं काहीही सिद्ध झालं नाही. पण खात्यातून काढलेल्या माणसाच्या मागे अशी कुजबुज कशी चिकटते, हे मला माहीत आहे. लोकांना कारण हवं असतं, आणि ‘त्यानं माणसं वाचवली’ हे कारण त्यांना पटत नाही, कारण ते पटलं तर आपण का नाही वाचवली हा प्रश्न उभा राहतो. त्यानंतर ग्रुनिंगर यांना आयुष्यात पुन्हा स्थिर नोकरी मिळाली नाही. फिरती विक्री केली, बदली शिक्षक म्हणून शाळेत उभे राहिले. मुलगी शिकत होती, तिला शिक्षण सोडून घराला हातभार लावावा लागला. १९५४ मध्ये त्यांनी आपली बाजू लिहून ठेवली. तिचा आशय असा, की समोर मरणाच्या दारातली माणसं असताना कचेरीच्या हिशेबांचा विचार मी कसा करणार होतो? पश्चात्तापाचा शब्द त्यात नाही.

इथून पुढची गोष्ट आठवण ठेवण्याची आहे, आणि माझ्या मते तीच कमी सांगितली जाते.

आपल्याला वाटतं, चांगलं काम केलं की कधीतरी त्याची दखल घेतली जातेच. तसं आपोआप होत नाही. जेरुसलेममध्ये याद वाशेम ही संस्था १९५३ च्या कायद्यानं स्थापन झाली. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात मारल्या गेलेल्यांची स्मृती जपणं हे तिचं मुख्य काम. ज्यू नसूनही ज्यूंना वाचवणाऱ्यांचा शोध घेणं हेही त्याच कायद्यात घातलेलं होतं. त्यासाठी १९६०च्या दशकात एक आयोग नेमला गेला. त्याचं अध्यक्षपद न्यायाधीशाकडे असतं. आयोगाचे पहिले अध्यक्ष मोशे लांडाउ हे नाझी अधिकारी आइखमनच्या खटल्यातले मुख्य न्यायाधीश. त्यांच्यानंतर दीर्घकाळ अध्यक्ष असलेले मोशे बेइस्की स्वतः ओस्कार शिंडलरच्या कारखान्यात वाचलेले. आयोग विचारतो ते प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत. मदत करणाऱ्यानं जीव, स्वातंत्र्य किंवा हुद्दा धोक्यात घातला होता का? मोबदल्याच्या अटीवर मदत केली का? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, साक्षीदार कोण? ज्याला वाचवलं त्याचा जबाब किंवा त्या काळचे भक्कम कागद लागतात. आतापर्यंत २८,००० हून अधिक माणसांची नावं या कसोटीतून पार झाली आहेत. त्यांत ७,००० हून अधिक एकट्या पोलंडची.

या पद्धतीचा एक अर्थ लावायला हवा. जिथे लपलेला आणि लपवणारा दोघेही पकडले जाऊन मारले गेले, तिथे जबाब द्यायला कुणी उरलं नाही. पोलंडमध्ये ज्यूला आसरा देणाऱ्याला जर्मन राजवटीत मृत्युदंड होता, कधी कधी पूर्ण कुटुंबाला. तिथली किती नावं अशी मातीत गेली असतील! यादीत नाव आहे त्याचं श्रेय नाव असणाऱ्याइतकंच ते सांगायला उभ्या राहिलेल्या माणसाचंही आहे. जो वाचला, नव्या देशात गेला, नवा संसार थाटला, ज्याला मागचं सगळं विसरायची पूर्ण मुभा होती, त्यानं परत मागे वळून साक्ष दिली. तपास करणाऱ्या कुणालाही विचारा, साक्षीदार उभा राहणं ही किती अवघड गोष्ट आहे.

ग्रुनिंगर यांच्या बाबतीत हे साक्षीदार जिवंत होते. वर्तमानपत्रांतून आवाज उठला तेव्हा १९७० च्या डिसेंबरात सरकारकडून त्यांना एक हात राखून लिहिलेलं पत्र आलं. त्यात खेदाची भाषा होती, पण खटला पुन्हा उघडला नाही, पेन्शनही दिली नाही. १९७१ मध्ये याद वाशेमनं त्यांचा सन्मान केला. १९७२ च्या फेब्रुवारीत ते वारले, गुन्हेगार म्हणूनच, कारण शिक्षा कागदावर कायम होती.

घरच्यांनी आणि काही थोड्या हितचिंतकांनी शिक्षा रद्द व्हावी म्हणून पुन्हा पुन्हा अर्ज केले. ते फेटाळले गेले. मग श्टेफान केलर या पत्रकारानं जुनं दप्तर उघडलं. कॅन्टनच्या अभिलेखागारातल्या फाइली, चौकशीतले जबाब, निर्वासितांचे फॉर्म, सगळं काढून त्यानं १९९३ मध्ये पुस्तक लिहिलं. ज्या कागदांनी ग्रुनिंगर यांना घरी बसवलं होतं, तेच आता त्यांच्या बाजूनं बोलू लागले. त्याच वर्षी कॅन्टन सरकारनं त्यांचं राजकीय पुनर्वसन केलं आणि ३० नोव्हेंबर १९९५ रोजी सेंट गालनच्या जिल्हा न्यायालयानं खटला फिरून चालवून त्यांना निर्दोष ठरवलं. मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. रिशार्ड डिंडो या दिग्दर्शकानं त्यावर अनुबोधपट केला. त्यात त्यानं वाचलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या माणसांना त्याच जुन्या न्यायालयाच्या दालनात आणून बोलतं केलं. जे जबाब १९४०च्या सुमारास कुणी विचारले नव्हते, ते तिथे नोंदवले गेले. बुडालेल्या पगाराची आणि पेन्शनची भरपाई १९९८ मध्ये वारसांना मिळाली, ती त्यांनी ग्रुनिंगर यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाला दिली. आता ब्र्यूल क्लबच्या मैदानाला त्यांचं नाव आहे आणि डीपोल्ड्साउ ते होहेनएम्स जोडणाऱ्या पुलालाही २०१२ पासून आहे. तो पूल मी चालत ओलांडला. तिथे कुणी पासपोर्ट विचारला नाही.

किती माणसं वाचली? याद वाशेम सुमारे ३,६०० म्हणतं. स्विस अभ्यासक काही शेकडा ते काही हजार असं सावधपणे सांगतात. खोटी नोंद जितकी बेमालूम, तितका नंतर हिशेब लागणं कठीण.

असं भोगलेले ते एकटेच नव्हेत. बोर्दोमधले पोर्तुगीज कॉन्सल अरिस्टिदेस द सौझा मेंडेस यांनी १९४० च्या जूनमध्ये आपल्या सरकारचा हुकूम मोडून व्हिसा वाटले. ते १९५४ मध्ये हलाखीत वारले. लिथुएनियातल्या कौनास इथे त्याच वर्षी हातानं व्हिसा लिहीत बसलेले जपानी अधिकारी चिउने सुगिहारा यांनाही युद्धानंतर परराष्ट्र खात्यातून जावं लागलं. दोघांचाही गुन्हा कागदावर सही केल्याचा.

माझ्या नोकरीचा काही काळ रायगड जिल्ह्यात गेला. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या पट्ट्यात बेने इस्रायली पिढ्यानपिढ्या राहिले. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावं, घरात मराठी, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांना इथे कधी कुणाच्या माळ्यावर लपावं लागलं नाही. त्यामुळे ‘ज्यू’ म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर ठाण्याच्या आवारातला ओळखीचा माणूस येतो, आणि त्याच्याच जातकुळीचं कुणीतरी बोरूच्या बेटात श्वास रोखून बसलंय हे चित्र मला सहन होत नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मी टाळणार नाही. त्या चौकशीत १९३९ मध्ये मी असतो तर आरोप सिद्ध झाल्याचा शेरा मारला असता. नोंद खोटी होती हे खरंच आहे. पण चौकशी अधिकाऱ्याला अहवालात एक परिच्छेद लिहिता येतो, परिस्थितीचा. आपल्याच दंड संहितेत कलम ८१ होतं: मोठं नुकसान टाळण्यासाठी, सद्हेतूनं, गुन्ह्याचा इरादा नसताना केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. तो परिच्छेद लिहायचं धैर्य माझ्यात असतं का, यावर माझी झोप उडते. ग्रुनिंगर यांच्या फाइलमध्ये तो परिच्छेद १९९५ मध्ये लिहिला गेला.

स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २००४ पासून एक कायदा लागू झाला. त्या काळात निर्वासितांना मदत केली म्हणून शिक्षा झालेल्या सगळ्यांच्या शिक्षा त्यानं रद्द ठरवल्या. त्याखाली पहिलं नाव मोकळं झालं ते एमे स्टिटेलमान यांचं. जिनिव्हाजवळच्या हद्दीवरून मुलांना आत आणल्याबद्दल १९४५ मध्ये त्यांना कैद झाली होती. निकाल ऐकायला त्या हयात होत्या, ऐंशीच्या उंबरठ्यावर.

नाशिकच्या पोलीस अकादमीत विभागीय चौकशीचा विषय शिकवला जातो. तिथे ही फाइल अभ्यासाला ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. ऑगस्ट १९३८ चा हुकूम, निर्वासितांचे फॉर्म आणि १९३९ चं आरोपपत्र एवढेच कागद द्यावेत आणि प्रशिक्षणार्थींना निष्कर्ष व शिक्षेची शिफारस लिहायला सांगावी. नावं बदलावीत, देशही सांगू नये. अहवाल जमा झाल्यावर, दुसऱ्या दिवशीच्या तासाला, १९९५ चा निकाल वाचून दाखवावा.